तेल महागले त्याच हिवाळ्यात हाशिमाची कोळसा खाण बंद का झाली?

रामबागकर (प्रश्न)

नमस्कार. इंदूरच्या रामबागेत आम्ही दहा-बारा निवृत्त मंडळी महिन्यातून एका रविवारी कोणा एकाच्या घरी जमतो. एकाने अर्धा तास एखाद्या विषयावर बोलायचे आणि बाकीच्यांनी पोहे खाता खाता त्याची परीक्षा घ्यायची, असा आमचा शिरस्ता आहे. या खेपेस पाळी माझी असून मी जपानमधील हाशिमा या ओसाड बेटाचा विषय घेतला आहे. तयारी बरीच झाली आहे, परंतु एका गाठीपाशी अडले आहे.

ज्यांना हे बेट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नागासाकी बंदरापासून सुमारे पंधरा-वीस किलोमीटरवर समुद्रात हे बेट आहे. लांबी सुमारे ४८० मीटर, रुंदी सुमारे १६० मीटर, म्हणजे आपल्या राजवाड्यासमोरून निघून सराफ्यात एक चक्कर मारावी तेवढ्या वेळात हे बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून होईल. मित्सुबिशीने ते १८९० मध्ये विकत घेतले आणि समुद्रतळाखालचा कोळसा काढण्यास आरंभ केला. खाणीतून निघालेला दगड-मुरूम समुद्रात टाकून, भोवती तट बांधून, मूळच्या खडकाच्या जवळजवळ तिप्पट जमीन तयार करण्यात आली. १९१६ मध्ये तेथे कामगारांसाठी प्रबलित काँक्रीटची बहुमजली चाळ उभी राहिली, आणि अशा प्रकारची मोठी निवासी इमारत जपानमध्ये त्यापूर्वी नव्हती. १९५९ मध्ये त्या ६.३ हेक्टरांवर ५,२५९ माणसे राहत होती. हिशेब केला तर दर चौरस किलोमीटरला ८३ हजारांहून अधिक माणसे होतात. शाळा, रुग्णालय, चित्रपटगृह, देऊळ, दुकाने असे सारे काही त्या बेटावर होते. दुरून पाहिल्यास ते युद्धनौकेसारखे दिसते, म्हणून जपानी लोक त्याला गुन्कानजिमा, म्हणजे युद्धनौका-बेट, म्हणतात.

१५ जानेवारी १९७४ रोजी खाण बंद झाली आणि त्याच वर्षी २० एप्रिलपर्यंत शेवटचा रहिवासीही बेट सोडून गेला.

माझी अडचण या तारखेचीच आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, तेल उत्पादक देशांनी हात आखडता घेतला आणि जानेवारी १९७४ उजाडेपर्यंत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. जपानसारखा तेलासाठी सर्वस्वी परदेशावर अवलंबून असलेला देश त्या हिवाळ्यात हवालदिल झाला होता. मग नेमक्या त्याच वेळी, तेलाला पर्याय ठरणाऱ्या कोळशाची खाण बंद करण्याची बुद्धी कोणाला का झाली? "कोळसा संपला, म्हणून गाव संपले" हे शाळेतील भूगोलाचे उत्तर मला पटत नाही. आमच्या मंडळींतील एक वकीलसाहेब हा प्रश्न हमखास विचारणार, म्हणून आधीच आपल्याला विचारते.

पेंचकाठी

ताई, आपला प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. मी मध्य प्रदेशातील पेंच खोऱ्यात, परासियाच्या बाजूच्या भूमिगत कोळसा खाणींत सर्व्हेअर म्हणून तीस वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर मुलाकडे सुदामा नगरात स्थायिक झालो. हाशिमा मी पाहिलेले नाही. मात्र खाण कशी मरते ते जवळून पाहिले आहे. वकीलसाहेबांना पुरेल असे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट अशी की कोळसा आणि कोळसा यांत फरक असतो. बॉयलरखाली जाळून वाफ करायची तो एक, आणि ज्यापासून कोक (हवेशिवाय तापवून केलेले कठीण इंधन) तयार करून लोखंडाच्या झोतभट्टीत घालतात तो दुसरा, म्हणजे कोकिंग कोळसा. तेल महागले की पहिल्या प्रकाराला भाव येतो, कारण वीजकेंद्रे आणि कारखाने तेलावरून पुन्हा कोळशाकडे वळू शकतात. झोतभट्टीत मात्र कोकची जागा तेल पूर्णपणे घेऊ शकत नाही, त्यामुळे कोकिंग कोळशाचे गणित तेलाच्या भावावर फारसे हलत नाही. हाशिमाचा कोळसा उत्तम प्रतीचा कोकिंग कोळसा होता. १९०१ मध्ये सुरू झालेल्या यावाता पोलाद कारखान्याला जपानी खाणींतून जो कोळसा जात असे, त्यात हाशिमाच्या मालाला मोठा मान होता. म्हणजे या बेटाचा खरा प्रतिस्पर्धी अरबांचे तेल नव्हतेच. तो प्रतिस्पर्धी ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये होता. तेथे कोळशाचे थर जमिनीलगत आहेत, वरची माती अजस्र यंत्रांनी बाजूला सारून उघड्यावर खणता येतात, आणि १९६० च्या दशकापासून जपानी पोलाद कंपन्यांनी तेथील खाणींशी दीर्घ मुदतीचे करार करून मोठमोठ्या जहाजांनी तो माल आणण्यास सुरुवात केली होती. समुद्राखालून पाळी-पाळीने वर काढलेल्या टनाने त्या टनाशी किमतीत टक्कर द्यावी तरी कशी?

दुसरी गोष्ट, तेलाने जपानी कोळशाचे जे नुकसान करायचे ते तोवर करून झाले होते. १९६२ मध्ये जपानने कच्च्या तेलाची आयात खुली केली आणि त्यानंतरचे सरकारी धोरण तोट्यातील खाणी आटोपत्या घेण्याचे होते. एकदा एखादी खाण बंद करायची असे ठरले, कामगार संघटनेशी बोलणी झाली, नवे बोगदे पुढे नेण्याचे काम थांबले, की त्यानंतर बाजारभाव वाढला तरी उपयोग नसतो. भूमिगत खाणीत आजचा कोळसा दोन-तीन वर्षांपूर्वी केलेल्या तयारीतून निघतो. ती तयारी थांबवली असेल, तर जानेवारीत भाव चौपट झाला म्हणून फेब्रुवारीत कोळसा कोठून येणार?

आता तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हाशिमाचा शेवट १९७४ मध्ये जाहीर झाला असला, तरी त्याची सुरुवात १९६४ मध्ये झाली होती. त्या वर्षी खाणीच्या खोल भागात कोळशाने आपोआप पेट घेतला. हा प्रकार बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. कोळसा काढून झाल्यावर मागे जी पोकळी उरते तिला आम्ही गोफ म्हणतो. तेथे छत कोसळलेले असते आणि ढिगाऱ्यात थोडा चुरा राहून गेलेला असतो. त्या चुऱ्याला हवेतला प्राणवायू हळूहळू लागत राहतो, उष्णता साठत जाते, ती बाहेर पडण्यास वाट नसते, आणि एके दिवशी भिंतीला घाम फुटल्यासारखे दिसू लागते व रॉकेलसारखा वास येतो. जुना ओव्हरमन, म्हणजे खाणीतला मुकादम, त्या वासानेच सावध होतो. मग विटांचे बांध घालून तो भाग हवाबंद करावा लागतो, आणि तेही साधले नाही तर पाणी सोडून सारे बुडवावे लागते. हाशिमात हेच करावे लागले. खोलवरचा भाग पाण्याखाली घालून कायमचा सोडून देण्यात आला. पुढच्या वर्षी मित्सुसे नावाच्या बाजूच्या पट्ट्यात नवे काम सुरू झाले आणि काही वर्षे खाण पुन्हा तग धरून राहिली. परंतु पूर्वीचे बळ तिच्यात आले नाही आणि माणसे बेट सोडून जाऊ लागली.

त्यात खोली लक्षात घ्या. उभा पिट, म्हणजे खाणीत उतरण्याची विहीर, सहाशे मीटरच्या आसपास, तेथून पुढे तिरपे उतरत गेलेले काम समुद्रसपाटीच्या खाली सुमारे एक हजार मीटरपर्यंत, थर तीव्र उताराचे, तापमान तीस अंशांच्या वर आणि आर्द्रता ९५ टक्के. आमच्या पेंच खोऱ्यातील खाणी याच्या तुलनेत ओसरीवर बसून काम केल्यासारख्या म्हणायला हव्यात, आणि तरीही डिसेंबर १९५४ मध्ये न्यूटन चिखलीच्या खाणीत पाणी शिरून ६३ माणसे गेली. ती आठवण परासियाच्या बाजूला आम्ही नोकरीला लागलो तेव्हाही ताजी होती. खाणीत पंप हा पाहुणा नसतो, तो घरधनी असतो. कोळसा निघो वा न निघो, पाणी उपसावेच लागते. हाशिमावर एकदा पंप थांबले आणि पाणी भरले, त्यानंतर तेल कितीही महाग झाले असते तरी ती खाण परत उघडणे व्यवहारात बसले नसते.

तेव्हा "कोळसा संपला" हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. परवडेल आणि माणूस जिवंत वर येईल अशा रीतीने काढता येणारा कोळसा संपला, असे म्हणावे.

नागासाकीहून परतलेली

पेंचकाठी काकांनी खाणीचे सांगितले, मी वरच्या गावाचे सांगते. नोकरीच्या निमित्ताने मी दोन वर्षे फुकुओकाला होते आणि तेथून दोनदा नागासाकीला गेले. पहिल्या खेपेस समुद्र खवळलेला असल्यामुळे बोटीने बेटाला केवळ प्रदक्षिणा घातली आणि आम्हांला परत आणले. दुसऱ्या खेपेस उतरता आले. २००९ पासून पर्यटकांना तेथे उतरू देतात, मात्र दक्षिणेकडच्या भागात आखून दिलेल्या छोट्याशा वाटेबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, कारण इमारती कधीही ढासळतात. १९१६ ची ती पहिली चाळ, जिला तेथे ३० क्रमांकाची इमारत म्हणतात, आता कठड्यासकट तुटत चालली आहे. काँक्रीटमधील लोखंडाच्या सळया खाऱ्या वाऱ्याने गंजून फुगतात आणि आतून काँक्रीट फोडतात. बांधताना समुद्राच्या वाळूचा आणि लाटांचा काय परिणाम होईल याचा तेव्हा कोणाला अनुभव नव्हता, कारण असे बांधकामच नवे होते.

ताई, भाषणात सांगण्यासारखे काही तपशील देते. वादळात लाटा तटावरून उसळून इमारतींवर पडत, म्हणून घरांच्या मधल्या एका भागाला लोक "खाऱ्या पावसाची वस्ती" म्हणत. इमारती जिन्यांनी आणि पुलांसारख्या मार्गिकांनी अशा जोडलेल्या होत्या की पावसात छत्री न उघडता बऱ्याच ठिकाणी जाता येई. गोडे पाणी अनेक वर्षे बोटीने येत असे, आणि १९५७ मध्ये समुद्रतळावरून नळ टाकला गेल्यानंतर ती ओढ संपली. खाणीतून आलेला कामगार आधी अंगावरच्या कपड्यांसकट खाऱ्या पाण्याच्या हौदात उतरे, मग दुसऱ्या खाऱ्या हौदात, आणि अगदी शेवटी गोड्या पाण्याने अंग धुई. झाडे नव्हती, म्हणून गच्च्यांवर बाहेरून माती आणून मुलांनी भाजी लावली. जपानमध्ये दूरचित्रवाणी अजून अपूर्वाईची होती तेव्हा या बेटाच्या गच्च्यांवर अँटेनांचे रान उगवले होते. स्मशान मात्र बेटावर नव्हते, त्यासाठी शेजारच्या नाकानोशिमा या निर्जन बेटावर जावे लागे.

घरांची मांडणी पाहिली की कोण कोठे उभा होता ते नकाशाशिवाय कळते. व्यवस्थापकाचे घर मधल्या खडकाच्या माथ्यावर, उजेडात. खाण कामगारांच्या चाळी खाली, तटाच्या आड, आणि त्यांतही तळमजल्याला ऊन क्वचितच लागे. १९४५ मध्ये पूर्ण होऊ लागलेली ६५ क्रमांकाची इमारत तर नऊ मजली आहे. इतक्या मजल्यांना लिफ्ट नव्हती, हे मात्र तेथे उभे राहून मान वर केल्याशिवाय नीट समजत नाही.

स्नेहलतागंज

ताईंनी आणि काकांनी फार चांगली माहिती दिली आहे, तरी एक गोष्ट राहून गेली आणि ती राहून जाऊ नये. बेटाचे सर्वाधिक वार्षिक उत्पादन १९५९ मध्ये नव्हे, १९४१ मध्ये झाले, सुमारे ४ लाख ११ हजार टन. लोकसंख्येचा कळस आणि कोळशाचा कळस यांत अठरा वर्षांचे अंतर आहे. १९४१ हा युद्धाचा काळ आहे, आणि त्या काळात कोरियातून, पुढे चीनमधूनही, माणसे आणून त्यांच्याकडून हाशिमावर आणि शेजारच्या ताकाशिमावर जबरदस्तीने काम करून घेतले गेले. अँटेना, गच्चीवरची भाजी, चित्रपटगृह हे सारे युद्धानंतरच्या पिढीचे चित्र आहे. बेटाच्या भरभराटीविषयी बोलताना दोन्ही काळ एकत्र करून "किती सुखी गाव होते" असे सांगितले, तर ते खोटे ठरेल.

हा वाद अजूनही मिटलेला नाही. २०१५ मध्ये मेइजी काळातील औद्योगिक स्थळांच्या गटात हाशिमाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हा अनेक कोरियन व इतर लोकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आणून कठोर परिस्थितीत राबवले गेले, हे जपानच्या प्रतिनिधींनी सभेत मान्य केले आणि त्याची माहिती देणारे केंद्र उभारण्याचे आश्वासन दिले. केंद्र २०२० मध्ये टोकियोत उघडले, परंतु तेथील मांडणी पाहून २०२१ मध्ये जागतिक वारसा समितीने तीव्र खेद व्यक्त केला.

याच निमित्ताने एक गंमतही सांगतो. वारसा म्हणून मान्यता मिळाली ती मेइजी काळातील, म्हणजे १९१२ पर्यंतच्या अवशेषांना: जुना तट आणि खाणीचे काही भाग. ज्या उंच काँक्रीटच्या चाळी पाहण्यासाठी लोक बोटी भरभरून जातात, त्या सगळ्या त्यानंतरच्या आहेत.

रामबागकर

स्नेहलतागंज यांचे विशेष आभार. खरे सांगायचे तर माझ्या टिपणात "सुखी गाव" हे शब्द होते, ते आता काढले आहेत, आणि १९४१ व १९५९ हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले आहेत.

काकांचे पंपाचे वाक्य मी आपल्या परवानगीने जसेच्या तसे वापरणार आहे. आणखी एक शंका: आपल्याकडे इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांची थकबाकी मिळण्यास डिसेंबर २०२३ उजाडले, तोवर अनेक जण वारले. माझ्या शेजारच्या वहिनींच्या सासऱ्यांचे पैसे त्यांच्या नातवंडांच्या काळात आले. मिलच्या चाळींतील घरांचे फार हाल झाले. तरी इंदूर ओस पडले नाही. खाणीच्या गावाचे मात्र असे का होते?

मालवा मिलजवळचा

यात मोठे गूढ नाही. इंदूरला मिल येण्याआधीपासून अफू-कापसाची पेठ होती, होळकरांची राजधानी होती, रेल्वे होती, आणि मिल गेल्यावर शाळा, कोर्ट, दवाखाने, बाजार उरला. हाशिमावर जमीन, घर, पाणी, बोट, दुकान सारे एकाच कंपनीचे होते, त्यामुळे कंपनी गेल्यावर गावात राहण्याचा हक्क दाखवायलाही कोणाकडे काही नव्हते.

विदर्भातील वरोऱ्याचे उदाहरण पाहावे. तेथील सरकारी खाण १८७१ ते १९०६ चालली आणि बंद झाली, पण वरोरा टिकले, कारण कोळशासाठी आलेली रेल्वे कापसाच्याही कामी येत होती आणि कापसाची पेठ खाणीवर अवलंबून नव्हती.

पेंचकाठी

मालवा मिलजवळच्यांचे म्हणणे बरोबर आहे, त्यात फक्त एक भर घालतो. आमच्याकडे एखादी खाण बंद झाली की कामगाराची बदली दुसऱ्या खाणीत होते, कारण १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर मालक एकच आहे. नोकरी वाचते, पण वस्ती वाचत नाही. क्वार्टर रिकामे होतात, आधी शाळेचे वर्ग कमी होतात, मग किराणावाला उठतो, आणि एके दिवशी हजेरीघराच्या दारातून पिंपळ उगवलेला दिसतो. परासियाच्या आसपास अशा जागा मी स्वतः मोजल्या आहेत. माझ्या हाताने आखलेल्या नकाशांतील दोन पिट आता बंद आहेत.

ताई, आपल्या टिपणासाठी एक विचारतो. ते दोन हजारांच्या आसपास लोक जे शेवटी उरले होते, ते हाशिमाहून कोठे गेले, याचा काही शोध लागला का?

नागासाकीहून परतलेली

काका, याचे थोडे उत्तर मला बोटीवरच्या वाटाड्याकडून मिळाले होते आणि नंतर मी ते वाचूनही पाहिले. बरेच जण नागासाकी शहरात आणि इतर प्रांतांत कामाच्या शोधात पांगले. काही जण मात्र कोळशातच राहिले आणि शेजारच्या ताकाशिमाच्या खाणीत गेले, कारण ती खाणही मित्सुबिशीचीच होती आणि बोटीने अगदी जवळ. तीही खाण नोव्हेंबर १९८६ मध्ये बंद झाली. ताकाशिमावर आज काही शे लोक राहतात. आमची बोट हाशिमाला जाण्याआधी तेथे थांबली, तेव्हा धक्क्यावर एक आजी वाळवण राखत बसल्या होत्या आणि आमच्याकडे पाहत नव्हत्या.